विलासच्या हिरड्या

७ जानेवारी
विलासचा तीन महिन्यांचा शुगरचा रिपोर्ट आला. पुन्हा वर. डॉक्टर म्हणाले, गोळ्या पुरत नाहीत, इन्सुलिन सुरू करू. गाडीत बसल्यावर वि. म्हणाला, "सुई लागली की संपलं. अण्णांचं काय झालं, बघितलंस ना." त्याच्या वडिलांना इन्सुलिन सुरू झालं तेव्हा पाय आधीच गेला होता. हे आज त्याला परत सांगितलं नाही. एक महिन्याची मुदत मागून घेतली त्याने. चाकणला मेंटेनन्समध्ये आहे, मुदत मागायची सवय.

१२ जानेवारी
गोड बंद, भात बंद, रोज चालणं. डब्यात ज्वारीची भाकरी, मेथी. डबा चाटूनपुसून परत येतो. मग साखर चढते कुठून?
पेपरच्या पुरवणीची माझी पानं वेळेत छापायला गेली. डोकं दुखतंय.

१८ जानेवारी
चिंचवडला भाजी घेताना वि.च्या कंपनीतला दत्ता भेटला, लातूरकडचा. "वहिनी, भाकरी लई भारी करता तुमी!" म्हटलं, तुम्हाला कुठे मिळाली? "रोज की! विलासराव कँटीनचा डाळभात घेत्यात, भाकरी आमच्याकडं सरकवत्यात." वि. शेजारीच. कोथिंबीर इतकी निरखून त्याने आयुष्यात घेतली नसेल.

घरी आल्यावर चिडले नाही. (चिडलेच.) मग खरं बाहेर निघालं. डावीकडची दाढ हलते, भाकरी चावताना कळ येते. म्हणून डाळभात, चहात बुडवलेला पाव. ब्रश केला की रक्त येतं, म्हणून त्या बाजूला ब्रशही नाही.
"कधीपासून?"
"दिवाळीच्या आधीपासून."
"आणि डॉक्टरांना सांगितलं नाहीस?"
"ते शुगरचे डॉक्टर आहेत गं. दाताचं त्यांना काय सांगायचं?"

२३ जानेवारी
थेरगावला दातांच्या डॉक्टरबाई. तरुण, स्पष्ट बोलतात. हिरड्यांना जुना आजार, आत पू. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांची सूज साखर उतरू देत नाही. वि.ला चटकन पटलं. "म्हणजे हवेची लाइन गळतेय आणि आपण नुसता कॉम्प्रेसर वाढवतोय."
बाई हसल्या. "गळती मी बघते काका, पण कॉम्प्रेसरही लागणारच. गोळ्या पुरत नसतील तर इन्सुलिन घ्या. साखर अशीच राहिली तर माझं काम टिकणार नाही, दाढही नाही."


२४ जानेवारी
सेकंड शिफ्टला निघताना, बूट घालता घालता, माझ्याकडे न बघता: "अण्णांना पन्नाशीतच कवळी लागली होती. आम्ही म्हणायचो, वय झालं." मग लेस बांधत, "डॉक्टरांना फोन लाव. घेतो टोचून."

५ फेब्रुवारी
पहिलं इंजेक्शन स्वतः घेतलं. डोळे घट्ट मिटून. "झालं? एवढंच?" दिवसभर कंपनीत सगळ्यांना सांगत सुटला असणार.
हिरड्यांची उजवी बाजू साफ झाली. डावी पुढच्या आठवड्यात.

२ मार्च
ब्रशला रक्त जवळजवळ नाही. तोंडाचा वास गेला. तो होता हे मी त्याला कधी बोलले नव्हते, आजही नाही. फक्त जवळ बसले.
सकाळची साखर उतरतेय. वि.चं सुरू, "आता सुई बंद होईल ना?" म्हटलं, डॉक्टर ठरवतील. होईलही, किंवा…

८ एप्रिल
रिपोर्ट बराच खाली. हवा तितका नाही. इन्सुलिन तेवढंच चालू. वि.ला वाटलं होतं कमी होईल, थोडा हिरमुसला. पण डॉक्टरांनी आज आपणहून विचारलं, "हिरड्या कशा आहेत?"
तिथून थेट थेरगाव. बाईंनी दाढ चिमट्यात धरून हलवली. वि. छताकडे बघत होता, मी बाईंच्या चेहऱ्याकडे.
"कमी हलतेय."
"म्हणजे वाचली?"
"म्हणजे आज काढत नाही. जूनमध्ये बघू."
वि.ने चूळ भरून बेसिनमध्ये टाकली, वाकून बघत राहिला. मग मला हाक मारली, "इकडे ये, बघ." पाणी स्वच्छ होतं.