तीन तास चाळीस मिनिटं

प्रिय भोंग्या,

हाताचं प्लास्टर कधी निघणार? तुझी बायको फोनवर हं-हूं करते, आणि तू तर फोनच घेत नाहीस, म्हणून लिहायला बसलेय. लहानपणी जेवणाचं ताट स्टिअरिंगसारखं धरून घरभर भोंगा वाजवत फिरायचास, तेव्हा मीच दटावायचे. आता खरोखर गप्प झालास तर मला करमत नाही बघ.

माझं डोकं पार भंजाळलंय. परिवहन खात्याच्या साहेबीणबाई म्हणतात, वळणावर बस ताशी शहाण्णवनं होती, यंत्रात नोंद आहे. ते खरंच. उतारू म्हणतात, पाच मिनिटं उशीर झाला की तक्रार आम्हीच करायचो. तेही खरं. आमचे मॅनेजर म्हणतात, कंपनीनं कुणाला पळवायला सांगितलंच नाही, आणि तसा कागद दाखवतात. सगळेच खरं बोलतात, मग बस शेतात गेली कशी, सांग ना! तुझ्या मागच्याच सीटवरच्या शिवणकामवाल्या बाईंना दवाखान्यात भेटून आले. त्यांचं मांडीचं हाड मोडलंय, आणि मलाच विचारतात, ड्रायव्हरदादा बरे आहेत ना? सारखे घड्याळ बघत होते म्हणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो दिवस आठवतो? गाडी लवकर आणलीस आणि माझ्या टेबलावर टोपी आपटून म्हणालास, ताई, तीन तास चाळीस! अख्ख्या ऑफिसात मी मिरवले. माझा भाऊ, माझा भाऊ! त्याच आठवड्यात नवीन वेळापत्रक काढायचं होतं. मी तुझीच वेळ घातली आणि खाली सही ठोकली. आता रोज हिशेब करत बसते. दोनशे ऐंशी किलोमीटर, ऐंशीची मर्यादा, न थांबता गेलं तरी साडेतीन तास. वर तीन थांबे, दहा-दहा मिनिटांचे. तू टोपी आपटलीस त्या दिवशी गाडीत सहाच माणसं होती, थांब्यांवर कुणी चढलं-उतरलं नाही, तू थांबलाच नाहीस. ती तीस मिनिटं मी धरलीच नाहीत रे! वेडी का खुळी मी?

पण मग वाटतं, मी नुसते आकडे मांडले, पाय तर तुझा होता. तू सावकाश का नाही आलास? बोलणी खाल्ली असतीस, दुसरं काय? असं म्हणते आणि लगेच माझाच राग येतो, कारण उशिराच्या चिठ्ठ्याही मीच लिहायचे. तुलासुद्धा दोन लिहिल्या. सख्ख्या भावाला सवलत नाही, म्हणून ताठ मानेनं.

आता खरं सांगते. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि मागची तारीख घालून साडेचार तासांचं वेळापत्रक करायला लावलं. मी केलं. सही केली. खात्यात तेच गेलंय, म्हणजे तू हौसेनं गाडी पळवलीस असं ठरणार आणि तुझं लायसन जाणार. नव्या नियमाप्रमाणे वेळापत्रक करणाऱ्यालाही जाब विचारतात, हे तुला ठाऊक आहे. म्हणूनच तोंडात मिठाची गुळणी धरून बसलायस ना, गाढवा?

ड्रायव्हरांच्या खोलीतलं जुनं वेळापत्रक फाडायला सांगितलं होतं. मी ते पिशवीत घालून घरी आणलं. कडेला तुझं पेन्सिलीतलं अक्षर आहे, ‘ताई, थांबे कुठं गेले?’ तेव्हा वाचून मी हसले होते, म्हटलं आळशाला बहाणे सुचतात. कोण किती चुकलं ते मला अजूनही कळत नाही. पण तू विचारलं होतंस, आणि मी उत्तर दिलं नव्हतं. सोमवारी दहाला चौकशी आहे. तो कागद घेऊन मी तुझ्या आधी तिथं पोचते. तू सावकाश ये.

तुझीच,
ताई