दिवस मावळल्यावर

प्रिय आदिती,

आधी पत्र शेवटपर्यंत वाच, मग काय रडायचं ते रड. परवापासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. ऋषभच्या हातात देतेय. तो वाचणार नाही. वाचलंच तर वाचू दे, त्यालाही चार शब्द लागू आहेत.

इकडं घर जागेवर आहे. तुझे मामंजी शाहूपुरीतलं गुळाचं दुकान बंद करून आले की अजून बाहेरच्या मोरीत आंघोळ करतात आणि मगच आत पाऊल टाकतात. तू माहेरी गेलीस तरी सवय सुटेना. त्यांच्या सदऱ्याला गुळाचा वास आला की तू तोंडावर ओढणी धरून पळायचीस. पहिल्यांदा मला वाटलं, सुनेला सासरा आवडत नाही की काय! मग फोडणीला पळालीस, उदबत्तीला पळालीस, तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. त्या दिवशी मी देवळात जाऊन पेढे ठेवून आले. किती आनंद झाला होता मला, तुला सांगता यायचं नाही.

पण बाई, तुझ्या उलट्यांचं आपल्या गल्लीनं जेवढं कौतुक केलं तेवढं लग्नातसुद्धा केलं नव्हतं. मंगळवार पेठेत कुणी येऊन म्हणे, जितकी मळमळ जास्त तितकं बाळ गुटगुटीत. कुणी म्हणे, होतंच की, आम्हाला काय झालं नव्हतं व्हय? आणि आमचे चिरंजीव! शिरोलीच्या कारखान्यातनं आले की मोबाईल काढून मला वाचून दाखवायचे. मळमळ पित्तानं होते, अर्धशिशीनं होते, गाडी लागल्यानं होते, काही औषधांनीही होते. जगातली सगळी कारणं पाठ झाली गाढवाची. बायको पलंगावरनं उठताना भिंत धरतेय, ओठ सुकलेत, बांगड्या कोपरापर्यंत सरकतायत, हे तेवढं दिसलं नाही.

सलाईन लावलं त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आपल्याला समोर बसवून जे सांगितलं ते मी तरी विसरणार नाही. दिवस राहिले की हार्मोन वाढतात, मळमळतं, ते बहुतेक बायकांना होतं आणि पुढं आपोआप ओसरतं. पण पोटात पाणीसुद्धा टिकेना, वजन उतरायला लागलं, लघवी कमी आणि गडद झाली, की ते डोहाळे नव्हेत, ते दुखणं. आणि रिकाम्या पोटी मळमळ आणखी चढते. तुझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, रात्री शेवटचं कधी खाता? तू माझ्याकडं बघितलंस. मीच सांगितलं, आम्हा जैनांच्यात दिवस मावळायच्या आत जेवण, मग सकाळपर्यंत पाणीही नाही. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, चांगली बाई. एवढंच म्हणाल्या, उशाशी कोरडं काहीतरी ठेवा, उठायच्या आधी चार घास खा, दिवसा-रात्री थोडं थोडं पोटात जाऊ दे. गोळ्या दिल्या, पोटातल्या बाळाला चालणाऱ्या, आणि विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत म्हणून दोनदा बजावलं.

आल्याचा रस घ्या म्हणाल्या तेव्हा मी हसले. जमिनीखालचं आपल्याकडं चालत नाही, आलं कुठलं आणणार? मग वाळलेलं चालतं म्हणून सुंठ उगाळून दिली तुला. तिनं थोडं बरं वाटलं, पण गोळीची जागा सुंठ घेत नाही, हे मला कळतं.

घरी आलो त्या संध्याकाळी मी दिवेलागणीनंतर गॅस पेटवला आणि तुझ्यासाठी मऊ भात टाकला. रत्नमाला वन्सं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तू आत पडली होतीस, तुला आवाज आला असेल, शब्द आले नसतील. म्हणून आज सांगते. त्या म्हणाल्या, माझ्या भावाच्या या चुलीनं रात्रीची आच बघितली नाही. म्हणाल्या, आमच्या आईनं पाच बाळंतपणं काढली, रात्री दाणा तोंडात घातला नाही. मी म्हटलं, पाचातली तीनच जगली, ते का सांगत नाही? बाकीची दोन कशानं गेली, कुणाला ठाऊक? तेव्हा कुणी डॉक्टरला विचारलंच नाही. वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं, पण भात मी उतरवला नाही.

ऋषभच्या वेळी मीही ओकायचे. मोरीत नळ सोडून ओकायचे, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. सासूबाई वाईट नव्हत्या गं. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तसलं शहाणपण तुझ्या वाट्याला येऊ द्यायचं नाही, असं मी त्याच नळापाशी ठरवलं होतं. माझं धर्माशी भांडण नाही. लग्न होऊन आल्यापासून मी दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब घेतलेला नाही, आणि तेही मनापासून. पण माझे वडील नेमाला माझ्याहून कडक, आणि त्यांनीच शिकवलं की नेम धडधाकट माणसाला, आजारी जिवाला सवलत असते. वन्संना हे माहीत नाही असं नाही. त्यांना घराचं नाव सांभाळायचंय. सांभाळू देत. मला तू सांभाळायची आहेस.

आता मुद्द्याचं. परवा क्षमावाणी झाली. वर्षभराच्या चुकांची सगळ्यांनी सगळ्यांना क्षमा मागितली. घराच्या ग्रुपवर तुझा निरोप आला, की तू रात्री खाल्लंस, घराचा नेम मोडलास, सगळ्यांनी क्षमा करावी, आणि आजपासून गोळ्याही बंद, नेमही सुरू. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. तुझी आई फोनवर रडत होती, पोरगी पुन्हा भिंत धरून चालतेय म्हणाली. आदिती, मी तुला क्षमा करत नाही. क्षमावाणीला नाही म्हणायचं नसतं, मला माहीत आहे, तरी नाही म्हणते, कारण तुझी चूकच नाही. ऋषभ गोळ्या घेऊन समोर उभा असेल. आत्ता घे, आणि उद्या दोघं डॉक्टरीणबाईंकडं जाऊन या. आणि ऐक, आज दिवे लागले की मी वन्संच्या समोर ताट वाढून घेऊन जेवणार आहे. तुझी मळमळ थांबेपर्यंत रोज जेवणार. तू आजारी आहेस, तुला सवलत आहे. मी ठणठणीत आहे, मला कसलीच सवलत नाही. म्हणजे या घरात नेम मोडला तो मी. यापुढं ज्याला बोलायचंय त्यानं मला बोलावं. तू जेव.

तुझीच, आणि तुझ्याच बाजूची,
मम्मी