झ्देन्काच्या पंखाला लावलेला हात

बेनेव्हेंतो, ४ मार्च १९९६

ती. लोरेदानाताईस,
सा. न. वि. वि.

कॉलेज सोडून दीड वर्ष झालं, तरी बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत. जेवताना चीजसुद्धा आईमार्फत मागतात.

ते जाऊ दे. ब्रनोहून झ्देन्का नावाची इंजिनीअर आलीय, विमानाचा नवा पंख घेऊन. पंख चेक लोकांनी घडवायचा, आम्ही तो आमच्या प्रयोगशाळेतल्या वाऱ्याच्या बोगद्यात, जोराचा वारा सोडून तपासायचा, असा करार. पण आकडे ब्रनोशी जुळतच नाहीत. आमचे साहेब म्हणतात, पंखच बेंगरूळ. तिचे साहेब फोनवर ओरडतात, तुमचा वाराच घाण. भांडण मिटेपर्यंत बोगद्याला सील. पुढच्या शुक्रवारी ती पंख घेऊन परत जाणार.

ताई, चूक माझी आहे. चाचणीआधी सगळे बाहेर गेल्यावर मी हातमोजा काढला आणि तिला यश यावं म्हणून पंखाला हात लावला, आपण इटालियन शकुनासाठी लोखंडाला लावतो तसा. त्या तेलकट ठशावर धूळ बसली असणार. सांगितलं तर नोकरी जाते, नाही सांगितलं तर ती जाते. नुसता येरझाऱ्या घालतोय. लगेच लिही.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारा,
साबीनो

तोरिनो, ८ मार्च

चि. साबीनोस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

अरे गाढवा, पंख अ‍ॅल्युमिनियमचा! लोखंडच हवं होतं तर दाराची कडी नव्हती? तुझे भाऊजी हसून हसून खोकतायत. मला हसू येत नाही. ती पोरगी परक्या गावात तुझ्या चुकीचा ठपका घेऊन उभी, आणि म्हणे प्रेम! कॉलेज सोडलंस तेही आम्हाला दोन महिन्यांनी कळलं. पत्र वाचलंस की ऊठ, जा, सांग.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

बेनेव्हेंतो, १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. साहेबांनी तिथेच ओळखपत्र काढून घेतलं. झ्देन्काने स्पिरिटने पंख पुसला, आणि आकडे ब्रनोशी तंतोतंत जुळले. ती आणखी सहा आठवडे राहणार. मला मात्र फाटकाच्या आत जाता येत नाही.

काल समोरच्या बारमध्ये बसलो होतो. ती आली, कॉफी मागवली आणि मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये झापायलाच लागली. म्हणे, किती दिवस वाया घालवलेस, दोन देशांच्या शिव्या मी एकटीने खाल्ल्या, तुझ्यासारखा मूर्ख पाहिला नाही. ताई, तासभर! कॉफी गार झाली तरी उठेना. शेवटी घड्याळ बघून म्हणाली, उरलेलं उद्या सांगते.

आता निघतो. लोभ आहेच, तो आणखी लागेल.

तुझा,
साबीनो