त्रिवेदींचं टेबल

रवि. २ फेब्रुवारी १९९७
नायर खुर्ची रंगवून संपली. पिवळ्या रंगाचे दोन हात, पाठीवर निळी वेल. नायरबाई त्रिवेंद्रमहून येऊन बघतील तर ओळखणार नाहीत. आता घरात नायर खुर्ची, सूद कपाट, बॅनर्जी स्टूल, सगळं माझ्या हातचं. इथे दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत कुणाची बदली झाली की ट्रकमध्ये न मावलेलं सगळं शेजारीपाजारी जातं, आणि शेजाऱ्यांमध्ये मी सगळ्यांच्या आधी पोचते. उगाच नाही.

हे ३१ मे ला रिटायर. मग सरकारी क्वार्टर सोडून नोएडाच्या फ्लॅटमध्ये. मीनलचं सुरू झालंय, "आई, यार, तिकडे हे सगळं कबाड नको. शोरूममधून सोफा घेऊ, ग्लास टॉप सेंटर टेबल घेऊ." पगार तिचा, हौस तिची. मी म्हटलं, कबाड काय म्हणतेस, अडगळ म्हण. "अडगळ म्हणजे?" म्हटलं, तुला शब्द माहीत नाही म्हणजे ती आपल्या घरात नाही. विषय संपला. यांना विचारलं तर "बघू." पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाचा हा आवडता शब्द.

शनि. ८ फेब्रु.
ठरलं. मागच्या बाल्कनीतलं त्रिवेदींचं टेबल काढायचं. वर्षानुवर्षं त्यावर इस्त्रीचे कपडे आणि कांदे-बटाटे. एक पाय लुळा, वरचा पत्रा फुगलेला, पण आतलं लाकूड अस्सल. त्रिवेदी भोपाळला गेले तेव्हा दोन टेबलं ठेवून गेले की एक, आता आठवत नाही. काय फरक पडतो.

सुताराकडून पाय बसवून घेतला. पत्रा उचकटला. मग मी रेगमाल, म्हणजे आपला काचकागद, घेऊन घासत बसले, सकाळी दहा ते तीन. एका पायावर पांढऱ्या रंगात कसलेसे आकडे होते. त्रिवेदींना प्रत्येक वस्तूवर काहीतरी लिहून ठेवायची सवयच होती, बादलीवरसुद्धा तारीख. घासून साफ केले. खांदे दुखताहेत. मजा आली.

रवि. १६ फेब्रु.
प्रायमरचे दोन हात. वर मोरपंखी इनॅमल. रंग कसला चढलाय! लग्नातली पैठणी पेटीतून काढून खुर्चीवर पसरली. तिची पोपटांची किनार टेबलाच्या कडांच्या पट्टीवर घ्यायची. पहिला पोपट मागच्या बाजूला काढून बघितला, हात बसतो का म्हणून. चोच वाकडी झाली, तोंड दुखतंय असा दिसतो. राहू दे. ती बाजू भिंतीकडे जाणार, भिंतीला दिसेल.

रवि. २ मार्च
झालं!! समोर चार पोपट, दोन्ही बाजूंना दोन दोन. आठ. हिरवे, लाल चोचीचे, मधे सोनेरी वेल, वरून वॉर्निशचे दोन हात. आजवर मी केलेल्यात हे एक नंबर. स्वतःचं कौतुक करू नये म्हणतात, पण दुसरं कोण करणार?

खालच्या पंजाबी शेजारीण आल्या आणि उभ्याच राहिल्या. "हाय रब्बा, आपने बनाया?" नाही, पोपट उडत आले. मीनल टेबलाभोवती दोन चकरा मारून म्हणाली, "ओके आई. ये वाला चलेगा." ग्लास टॉप कॅन्सल!! नोएडाच्या हॉलच्या पूर्वेच्या भिंतीचं माप मी आधीच घेऊन ठेवलंय. टेबल तिथे बसतं, बरोब्बर.

हे ऑफिसातून आले, बघितलं, "चांगलं झालंय," आणि चहा मागितला. एवढंच.

गुरु. १० एप्रिल
काय लिहू.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला हे फाइल घेऊन बसले. रिटायर होण्याआधी सरकारी वस्तू परत करायच्या, त्याची यादी. घरी सरकारी असं आहे काय, म्हटलं. "एक टेबल. शहाऐंशी साली रिपोर्टचं काम घरी आणत होतो, तेव्हा इश्यू केलं होतं. मागच्या बाल्कनीत होतं ना?"

मी म्हटलं, बाल्कनीतलं त्रिवेदींचं.

"त्रिवेदींचं स्वयंपाकघरात आहे, सुलभा. त्यावर मिक्सर ठेवतेस तू."

खरंच. मिक्सरखालचं त्रिवेदींचं. मग ते पांढरे आकडे म्हणजे...

यांनी टेबल भिंतीपासून ओढलं, बॅटरी आणली, वाकून चारी पाय बघितले. खाली शिरले, मागे गेले. अर्धा तास झाला, बाहेर येईनात. मी दारात उभी. शेवटी विचारलं, "नंबर होता ना पायावर?" होता, म्हटलं. घासला मी. यांनी बॅटरी बंद केली आणि हात धुवायला गेले.

ओरडले असते तर बरं झालं असतं.

शुक्र. ११ एप्रिल
सकाळी मी म्हटलं, नंबर तुमच्या यादीत आहे ना, सांगा. पांढरा रंग आहे, शून्य नंबरचा ब्रश आहे, दोन मिनिटांत पूर्वीसारखा करते. कुणाला कळणारही नाही.

चष्मा काढला. "तूच पुसायचा, तूच लिहायचा, मग सरकार कशाला पाहिजे?" आणि डबा न घेता गेले.

राग आला. मग राग गेला आणि नुसती लाज राहिली. या माणसाने ऑफिसची पेन्सिल कधी घरी आणली नाही. मीनल लहान होती तेव्हा मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढायला ऑफिसचे रद्दी कागद मागायची, तेही आणले नाहीत. आता शेवटच्या दोन महिन्यांत यांच्या फाइलला कागद लागणार, की घरात सरकारी टेबल आहे आणि त्याचा नंबर घासून काढलाय. वाचणारा काय समजेल? पोपटांसाठी घासला, असं कोण समजेल?

रवि. १३ एप्रिल
यांनी स्वतःहून ऑफिसला पत्र लिहिलं. वाचून दाखवलं नाही, मी टेबलावरून उचलून वाचलं. "पत्नीच्या हातून अनवधानाने" असं काही नाही. "माझ्या देखरेखीतील टेबलावरील नंबर नष्ट झाला आहे, जबाबदारी माझी आहे." माझं नावच नाही त्यात. त्याने जास्त लागलं.

दुपारी दोघं जेवलो. आमटीत मीठ नव्हतं, बोलले नाहीत. म्हणजे अजून रुसलेत.

मंगळ. २२ एप्रिल
ऑफिसच्या स्टोअरचे भटनागर आले. बारीक माणूस, काखेत रजिस्टर. सरळ बाल्कनीत नेलं. टेबल बघून चार पावलं मागे गेले. "सर, ये वो टेबल है ही नहीं."

हे म्हणाले, वही है. भटनागर म्हणे, मी तेवीस वर्षं स्टोअरमध्ये आहे, असलं टेबल सरकारने कधी घेतलंच नाही. मग तोडगा काढला, "मैडम, ऐसा कीजिए, रंग उतरवा के ब्राउन करा दीजिए. बात ख़त्म."

मी मान हलवली. हो म्हणणारच होते. यांची पेन्शन, यांचं नाव, त्यापुढे आठ पोपट काय!

आणि हे म्हणाले, "रजिस्टर में रंग का कॉलम है क्या?"

भटनागरांनी पान उलटलं. वस्तू, लाकडी का लोखंडी, संख्या, नंबर, शेरा. रंगाचा कॉलम नाही.

"तो रंग नहीं उतरेगा. नंबर आप लगाइए."

मी यांच्याकडे बघतच राहिले. आवाज तसाच, फाइलवर सही करतानाचा. भटनागर म्हणाले, स्टेन्सिल आणलेली नाही. तेव्हा हे म्हणाले, "मेरी मिसेज़ लिख देंगी. आप बोलिए, आपके सामने लिखेंगी, और रजिस्टर में लिखिए कि आपके सामने लिखा."

म्हणजे लिहायला हरकत नव्हती. चोरून लिहायला होती. भटनागर एकेक आकडा बोलले, मी खाली बसून आतल्या बाजूला पायावर लिहिला. पांढरा, सरळ, सुबक. मग स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले. चहा केला, भटनागरांना चकल्या दिल्या.

जाताना मी विचारलंच, हे टेबल आम्हाला विकत मिळेल का? मिळतं, म्हणाले, लिलावात, पण मोडकं ठरलं तरच. "और मैडम, आपने तो इसको नया कर दिया. अब ये बीस साल कंडम नहीं होगा."

घ्या. पाय लुळा ठेवला असता तर आज माझं असतं.

मंगळ. ६ मे
टेबल नेलं. दोन माणसं, एक टेम्पो. मी जुनी गोधडी दिली गुंडाळायला आणि वर सूचना, कड धरू नका, पायाला धरा. "माताजी, सरकारी माल है, कुछ नहीं होगा." म्हणूनच सांगतेय बाबा.

बाल्कनीत चौकोनी स्वच्छ जागा राहिलीय. कांदे-बटाटे जमिनीवर. रात्री जेवताना मीनल म्हणाली, "आई, सॉरी यार." मग हळूच, आता ग्लास टॉप घ्यायचा का? मी यांच्याकडे बघितलं. "बघू."

शुक्र. ३० मे
उद्या शनिवार, म्हणून निरोप समारंभ आजच. हार, समोसे, भाषणं. सगळे म्हणाले, साहेब नियमाचे पक्के. हे लाल झाले. यांना कौतुक सोसत नाही. मला सोसतं, मी सगळं नीट ऐकून घेतलं.

परत निघताना वाटेत स्टोअरचं दार उघडं. आत भटनागर. आणि त्यांच्यापुढे माझं टेबल! कुठल्या सेक्शनला दिलंच नाही, स्वतःलाच ठेवलं. भिंतीला लावून, रजिस्टरांचे ढीग वर, आणि मोरपंखी रंगावर चहाच्या ग्लासाची गोल खूण. मी आत शिरले. अंगावर नवी रेशमी साडी, पण पदराने खूण पुसून काढली. म्हटलं, भटनागरजी, ग्लास के नीचे काग़ज़ रखा कीजिए. ते उभे राहिले. "जी मैडम." सरकारी असो नाहीतर कुणाचंही, वॉर्निशचे दोन हात मी दिलेत.

हे दारात थांबले होते. हसत होते का? हार खूप होते, तोंड दिसलं नाही.

रवि. १५ जून, नोएडा
आलो. चौथा मजला, वारा भरपूर, लाइट जाते येते. सूद कपाट जिन्यात अडकलं होतं, माझा आणि मजुरांचा एक तास वाद. शेवटी माझ्या म्हणण्याप्रमाणे आडवं केलं आणि गेलं! नायर खुर्ची खिडकीशी छान दिसते. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई पुण्याच्या निघाल्या. त्यांच्या जुन्या पाटावर काहीतरी काढून द्यायला सांगितलंय. दिवस बरे आहेत.

हॉलची पूर्वेची भिंत तेवढी रिकामी. मीनलने शोरूममधून एक माणूस बोलावलाय, माप घ्यायला.

रवि. २९ जून
शोरूमवाला येऊन माप घेऊन गेला. टेप मारत होता तेव्हा हे पेपर वाचत होते, वर बघितलं नाही. तो गेल्यावर उठले, यांच्या पेटीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, बघ, काही चूक आहे का.

अर्ज. ऑफिसच्या नावे. पस्तीस वर्षांत यांनी सरकारकडे स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही, क्वार्टरचं गळकं छतसुद्धा नाही. आणि आता लिहिलंय, सदर टेबल जेव्हा केव्हा निकाली काढण्यात येईल तेव्हा ते नियमानुसार विकत घेण्यास अर्जदार इच्छुक आहे, कृपया नोंद असावी. खाली रजिस्टरसारखे कॉलम आखलेले, पट्टीने. वस्तू: टेबल. लाकडी. संख्या: एक. नंबर बरोबर. आणि शेऱ्याच्या कॉलममध्ये: "रंग मोरपंखी. किनारीवर पोपट, नग नऊ."

दोनदा वाचलं आणि म्हटलं, चूक आहे. पोपट आठ आहेत. समोर चार, बाजूंना दोन दोन.

"नऊ," हे म्हणाले. "एक मागे आहे. चोच वाकडी."

बॅटरी घेऊन मागे शिरले होते ते, अर्धा तास. मी दारात ताटकळत उभी, आणि हा माणूस रागारागात पोपट मोजत होता!

अर्ज उद्या पोस्टात टाकायचाय. बीस साल म्हणाले होते भटनागर. तेव्हा हे अठ्ठ्याहत्तरचे, मी चौऱ्याहत्तरची. ब्रश धरता येईल.

शोरूमला फोन करून नको म्हणून सांगितलं. तो म्हणे, मैडम, फिर दीवार खाली रहेगी? म्हटलं, रहने दो.