टाकीतला हलका फ्लोट

वणी, ता. ६ जानेवारी २००३

जफरभाईंस श्रावणचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुम्ही लेकीकडे पुसदला गेल्यापासून खुशाली नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन कसं झालं? फरीदाबेटी तुम्हाला डोळा चोळू देते, की हात बांधून ठेवते?

पत्राचं कारण वेगळं आहे. अकरा वर्षांमागं आपल्या जिनिंगच्या आगीच्या टाकीत तुम्ही बसवलेला फ्लोट अडकतो आहे. पाणी उतरतं, पण तो दांडीला धरून वरच राहतो. तो खाली आल्याशिवाय मोटर चालू होत नाही आणि ऑफिसातला लाल दिवाही लागत नाही. परवा दिवा बंद म्हणून सगळे निश्चिंत होते. मला चैन पडेना. शिडी चढून दोर सोडला, तर टाकी तळाला गेलेली. बांबूनं ठोकलं तेव्हा कुठं फ्लोट पडला.

माझी ममता शेडमध्ये सरकी काढायच्या रेच्यावर कापूस टाकते. कापसातून खडा गेला की रेच्यात ठिणगी उडते, हे तुम्ही माझ्याहून जास्त पाहिलं आहे. दाराशीच कापसाची गंजी असते. आग लागली आणि नळीला पाणी नसलं, तर ती बाहेर कुठून येईल? मॅनेजरला सांगितलं. ते म्हणाले, बाबाजी, दिवा लागला नाही म्हणजे पाणी आहे, तुम्ही कायले वर चढता, पडले तर आमच्या गळ्यात याल. ममताला म्हटलं, काम सोड. ती म्हणते, बाबा, मले घरी बसवून तुमी काय फ्लोट रांधून खासान. औंदा कापूस नाही, दोन जिनिंग उघडल्याच नाहीत. तिचंही खोटं नाही. पण ती आत गेली की मी टाकीकडे जातो.

माया आहे तशी असू द्या आणि उपाय लवकर लिहा.

तुमचा
श्रावण

पुसद, ता. १४ जानेवारी २००३

श्रावणभाऊंस जफरचा सलाम आणि ममताला दुवा. वि. वि.

डोळ्याला पट्टी आहे. मी सांगतो आणि फरीदा लिहिते. ती म्हणते, अब्बा, चाचांवर रागावू नका. पण मी रागावलो आहे. तुम्ही चहासुद्धा आधी बोट बुडवून पाहणारे माणूस, चौकीदारीत तुमचा जन्म गेला, तुम्हाला प्रत्येक कुलूप उघडंच दिसतं. तो फ्लोट मी पातळ पितळी पत्र्याचा केला होता. असा हलका, की पाण्यानं नुसतं म्हणावं आणि त्यानं उठावं. तसं काम करणारा मिस्त्री तेव्हा वणीत दुसरा नव्हता.

दोष पाण्याचा आहे. तिकडच्या पाण्यात चुना फार, तो दांडीवर बसतो. जावई तारिक म्हणतो, पातळ ॲसिडनं दांडी घासा. घासा आणि निवांत झोपा.

आठवण ठेवता, तेवढं पुरे आहे.

तुमचा
जफर

वणी, ता. २७ जानेवारी २००३

जफरभाईंस सप्रेम जय भीम. वि. वि.

दांडी घासली. सहाव्या दिवशी फ्लोट पुन्हा वर अडकला. मला ठोकायला चढलेलं मॅनेजरनं पाहिलं आणि शिडीचा खालचा भाग काढून ऑफिसात नेऊन ठेवला. आता टाकीत काय आहे ते मला दिसत नाही. शेडमध्ये जरा आरडाओरड झाली की दाराकडे धावतो, मग कळतं की बाया हसत होत्या.

राग मानू नका. मी चौथी शिकलेला, तुम्ही मिस्त्री. पण दांडी घासताना फ्लोट काढला होता, तो बादलीत सोडून पाहिला. बोटभर बुडाला, बाकी सगळा वर कोरडा. त्याच्यावर एक मोठा नट बांधला, तेव्हा अर्धा बुडाला. मग मला असं वाटलं, की वर ढकलायला पाणी आहे, खाली आणायला कोण आहे? त्याच्या अंगचं वजनच ना? तुमच्या फ्लोटला वजनच नाही. चुन्याचा जरासा थरही त्याला धरून ठेवतो. अर्धा बुडणारा फ्लोट जितक्या जोरानं चढेल, तितक्याच जोरानं उतरेल. दांडीचं भोकही सैल पाहिजे. पत्राच्या मागं चित्र काढलं आहे, मापं दोऱ्यानं घेतली आहेत.

चुकत असेन तर शिव्या द्या, पण करून पाठवा. पोरगी आत आहे.

श्रावण

पुसद, ता. ८ फेब्रुवारी २००३

श्रावणभाऊंस सलाम. वि. वि.

फरीदानं तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला राग आला. दुसऱ्यांदा मी तारिकला बादली आणायला सांगितली.

तुमचं बरोबर आहे. हलकेपणाचा मला गर्व होता. लोक हातात घेऊन वाहवा करायचे, म्हणून मी पत्रा आणखी पातळ करत गेलो. फ्लोट उतरतो कसा, हे मी कधी पाहिलंच नाही.

तारिकनं नवा केला आहे, आत शिसं भरून, भोक सैल ठेवून. वणीच्या बसच्या कंडक्टरजवळ दिला आहे. एक करा. दिवा ऑफिसात ठेवू नका, रेच्याच्या दाराशी लावा. ज्याला जळायचं आहे, त्याला तो दिसला पाहिजे.

माफी पत्रात मावत नाही.

जफर

वणी, ता. ५ मार्च २००३

जफरभाईंस सप्रेम जय भीम. वि. वि.

उशीर झाला. फ्लोट मिळाला तेव्हा मॅनेजर शिडी देईनात. ममता आणि बाकी बाया शेडबाहेर बसल्या, तेव्हा दिली. वायरमन किसनसिंगनं फ्लोट बसवला, दिवा दाराशी लावला. आठ दिवस चांगले गेले. मग बोअर आटली. मोटर नुसती फिरायची, टाकीत पाणी येईना आणि त्या दिवशी दुपारपासून दिवा लाल. बाया बाहेर आल्या. मॅनेजर म्हणाले, म्हाताऱ्यानं दिवाच बिघडवून ठेवला, चला आत. ममता म्हणाली, साहेब, आधी तुमी चाला. एकही बाई गेली नाही. रेचे रिकामे फिरत होते, म्हणून मॅनेजरनं हमालांकडून कापूस टाकायला लावला. किसनसिंगनं हमालांनाही ओढून बाहेर काढलं. शेवटची टोपली रेच्यात होती, तिच्यातून धूर निघाला.

पाणी नव्हतंच. शेड गेली, माणूस कोणी गेलं नाही. कापूस चार दिवस धुमसत होता.

जिनिंग बंद झाली. बायांच्या घरची माणसं मला म्हणतात, बुढ्या, तुझ्या दिव्यानं आमची चूल विझवली. ममताला मुकुटबनच्या जिनिंगमध्ये काम मिळालं आहे, सोमवारपासून जाते. काल मी बसनं तिथं जाऊन आलो. दिवा बंद होता. तिथल्या चौकीदाराला विचारलं, फ्लोट कोणी केला. तो म्हणाला, वणीचा एक मिस्त्री होता, आता पुसदला असतो, लई हलकं काम.

जफरभाई, तिथल्या दांडीचं माप दोऱ्यावर गाठी मारून सोबत पाठवतो. तुम्ही असे हलके फ्लोट किती बसवले, कुठं कुठं बसवले, ते आठवून फरीदाकडून लिहून घ्या. पण आधी मुकुटबनचा करायला घ्या. सोमवार जवळ आला आहे.

तुमचाच
श्रावण