चौदा खुणांची बल्ली

मी, इश्वर नत्थू शेंडे, वय अंदाजे त्रेसष्ट, धंदा सेंट्रिंग मिस्त्री, राहणार करडी, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा, कोणाच्या दडपणाखाली नव्हे तर राजीखुशीने ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. एका गोष्टीपुरते नाही. ती कलम चारमध्ये येईल.

१. घर पत्नी मालनबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे, नंतर मुलगा जागेश्वर याचे. त्याने आईशी हुज्जत घालू नये. तिने घातली तर ऐकून घ्यावी.

२. पोस्टातली शिल्लक मालनबाईची.

३. करवत, हातोडे, फळ्या, टेकूच्या लाकडी बल्ल्या माझा जुना जोडीदार कवडू डोमा उके याला द्याव्यात. ओळंबा मेहुणा बाबुलाल याने नेला तो आणलाच नाही. मागू नये. त्याची भिंत बघितली की कळते, तो त्याने वापरलाही नाही.

४. घराच्या मधल्या खोलीत स्लॅबखाली एक बल्ली उभी आहे. ती पवनीच्या गोदामाच्या बांधकामावरची, सन १९७४, मी तिथून आणलेली. स्लॅब टाकला की टेकू चौदा दिवस काढायचा नाही. आम्ही रोज बल्लीवर करवतीची एक खूण करायचो. भाताच्या रोवणीचे दिवस, माणसे नाहीत, मी तीन कामांवर धावत होतो. चौदा खुणा मोजल्या आणि "खोला" म्हणालो. स्लॅब खाली आला. कवडूच्या डाव्या हाताची तीन बोटे गेली.

दिवस सातच झाले होते. सकाळी मी खूण करत होतो, संध्याकाळी पाणी मारताना कवडू. तो म्हणाला, "तुमीच सांगतलं ना मिस्त्री, सांजच्याले खूण करत जा मनून." मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मी नाही सांगतलं." त्यानंतर त्याला कोणी कामावर घेतले नाही.

मी सांगितले होते काय? बारा वर्षे आठवून पाहतो. कधी माझाच आवाज ऐकू येतो, कधी काहीच नाही. सात खुणा माझ्या उजव्या हाताच्या, सात डावखुऱ्या कवडूच्या, एवढे मात्र दिसते. मला त्याची लाज वाटते. माझ्यामागे ही बल्ली कवडूने काढावी.

हे वाचून मालनबाई म्हणाली, "मेल्यावर कायले? तुमी बी जित्ते आहा, तो बी जित्ता आहे." कवडूला आणायला जागेश्वरला मोहाडीला पाठवले.

५. कलम चारमधली बल्लीची इच्छा रद्द. आज सकाळी कवडूने आणि मी मिळून बल्ली काढली. स्लॅब हलला नाही. मी विचारले, मी सांगितले होते काय रे? तो खुणांवर बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "मले बी आता याद नाही, मिस्त्री." खरेच नाही, की माझ्यासाठी नाही, हे मला कळलेले नाही.

साक्षीदार: तुलाराम केवळराम बांते (सही)
नत्थू सोमा मेश्राम (अंगठा)

लिहून देणार: इश्वर नत्थू शेंडे (सही)

मुक्काम करडी, मधली खोली, बल्ली होती त्या जागी पाट टाकून. दिनांक ९ नोव्हेंबर १९८६.