तीस सेकंदांची खिडकी

८ मार्च

चि. छोटूस,
अ. उ. आ.

फोन उचलायचा नाही, असं तू ठरवलेलंच दिसतंय. दिवसभर तो तुमच्या ऑफिसच्या लॉकरमध्ये पडून असतो आणि मेसेजवर कामाचं अवाक्षर काढायला तुम्हाला बंदी. म्हणून दुकान बंद केल्यावर काउंटरवरच हे लिहायला बसले आहे. काल एक गृहस्थ तिसऱ्यांदा भांडायला आले, चष्म्याचा नंबर चुकलाय म्हणून. बघते तर बायकोचा चष्मा लावून आलेले!

आता कामाचं. आईचं बरं चाललेलं नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर तोंडून दोन-चार शब्दांपलीकडे काही निघत नाही, हे तू पाहिलंच आहेस. पण तू तिला टॅबलेटवर तो तुमच्या कंपनीचा जपानी खेळ लावून दिलास आणि तिला जिभेऐवजी बोट मिळालं. रोज दुपारी चारला खेळातल्या होडीवरची तिची सात माणसं जमायची आणि ही डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करून सगळ्यांना पुरून उरायची. मात्र तुमच्या त्या खेळात तीस सेकंदांत ओळ पाठवली नाही, तर लिहायची खिडकी बंद होते आणि लिहिलेलंही जातं. दोन-तीन शब्दांपुढे आईचं वाक्य कधीच पुरं होत नाही. तिकडे जपानात ही अडचण दोन वर्षांपूर्वीच दूर केली म्हणे, होडीवरचे एक निवृत्त ड्रायव्हर सांगत होते. मग आपल्याकडे का नाही? आपण काय सावत्र आहोत?

गेले बारा दिवस तिने टॅबलेट हातात घेतलेला नाही. नुसती खिडकीशी बसून असते. डॉक्टर म्हणाले, लिहिणंही सुटलं तर तिचं बोलणं कायमचं गेलं असं समजा. मला फार भीती वाटते रे. तू त्याच ऑफिसात आहेस, काहीतरी कर.

लोभ आहेच, तो उत्तरातून दिसू दे.

तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस कशात लक्ष लागलं नाही. सावत्र म्हणालीस ते फारसं चूक नाही. खेळ तिकडे बनतो, तिकडच्या लोकांसाठी. आपल्याला मिळतो तो मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याला आखूड करून द्यावा तसा. कुठलीही दुरुस्ती आधी तिकडे होते. आपली प्रत जुनी, म्हणून तीच दुरुस्ती इथे पुन्हा वेगळी बसवावी लागते, मग भाषांतर, मग तपासणी. एवढ्या कामाला तिकडे आता एक माणूस आणि अर्धा दिवस येणारी एक बाई. दुरुस्त्या रखडतात म्हणून खेळणारे कंटाळून जातात, आणि खेळणारे कमी झाले म्हणून माणसं आणखी कमी होतात. आमचे साहेब याला परिस्थिती म्हणतात.

त्यातून तिकडे आपली भाषा कोणालाच येत नाही. इथल्या तक्रारींचा महिन्याचा अहवाल जपानीत जातो, तेवढंच त्यांना दिसतं. तो अहवाल मीच लिहितो. चार वर्षांत एकदाही त्यावर नाराजी आली नाही, एवढं समाधान आहे.

कोणाला बोलू नकोस, पण इथली आवृत्ती चालू ठेवायची की बंद करायची, याची तिकडे मे महिन्यात बैठक आहे. आईने तक्रार केली होती का? आमच्याकडे नावं येत नाहीत, नुसते क्रमांक येतात. मजकूर पाठव, मी शोधतो.

आईच्या पायांवर डोकं ठेवतो. माया कमी करू नकोस.

तुझा,
छोटू

२१ मार्च

चि. छोटूस,
अ. उ. आ.

तक्रार केली होती की! जानेवारीत. तक्रारीच्या पानावर वेळेचं बंधन नाही, तरी तीन दुपारी लागल्या. तिने लिहिलं ते असं: ‘मी सावकाश लिहिते. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही खिडकी बंद करता. घरात मला बोलता येत नाही. इथे तरी बोलू द्या. मला फार राग आला आहे.’

उत्तर पाच मिनिटांत आलं: ‘आपण दाखवलेल्या संयमाबद्दल ऋणी आहोत. आपली सूचना संबंधितांकडे आनंदाने पोचवली आहे.’ आनंदाने! आईने ते वाचलं, टॅबलेट पालथा घातला आणि माझ्याकडे पाणी मागितलं. त्यानंतर महिनाभर ती वाट बघत होती. कोण आहेत रे हे सद्गृहस्थ? तुझ्या ओळखीचे असतील तर माझ्या वतीने कान उपटून ठेव.

काल ती माझ्याशी हाताच्या खुणांनी बोलली. याआधी कधी खुणा करत नव्हती. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

लवकर लिही. रागावले असले तरी तुझीच,
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ते सद्गृहस्थ मीच. कान तुलाच उपटावे लागतील.

उत्तराचा मजकूर ठरलेला असतो, पण तो ठरवला मीच. आणि आईच्या त्या पाच वाक्यांचं मी जपानीत काय केलं, ते शोधून काढलं. एक ओळ: ‘लिहिण्यास थोडा अधिक अवधी मिळाल्यास काही खेळाडूंना आनंद होईल. घाई नाही.’ ताई, घाई नाही हे मी पदरचं घातलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. वाटायचं, तिकडची माणसं दुखावली तर आपलं काम मागे टाकतील, गोडीने मागितलं तर देतील. चार वर्षं सगळ्यांचं रडणं मी असंच इस्त्री करून पाठवलं.

आठवडाभर बसून सहाशे अकरा तक्रारी पुन्हा, जशाच्या तशा जपानीत केल्या. शिव्यांसकट. माझे अहवाल खोटे होते असं वर लिहून, सही करून पाठवल्या. त्या अर्धा दिवस येणाऱ्या बाईंचं उत्तर आलं. त्या लिहितात की तुमच्याकडची मंडळी खूश आहेत असंच आम्ही समजत होतो. आईला हवी ती दुरुस्ती वर्षभर तयार होती, पण घाई नाही म्हटल्यामुळे जानेवारीतही ती सगळ्यात खालीच ठेवली गेली. आता ती याच महिन्यात बसेल. पण मेची बैठक टळलेली नाही. बंद करायच्या बाजूला जास्त माणसं आहेत, आणि खूश असलेले लोक कुरकुर करणार नाहीत, हे त्यांनी माझ्याच अहवालांवरून ठरवलं होतं.

माझ्याकडून अहवालाचं काम काढून घेतलंय. महिनाअखेरीस साहेबांनी बोलावलंय. नोकरी राहील असं वाटत नाही.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. दुरुस्ती होतेय, एवढंच सांग. बाकीचं मी सवडीने, नीट शब्दांत सांगेन.

मला अजून आपला म्हणशील ना?

तुझा,
छोटू

१४ एप्रिल

चि. छोटूस,
आशीर्वाद.

हे लिहायला चार दिवस लागले. डावा हात आहे, अक्षराला हसू नकोस. ताईने पत्र दाखवलं नाही. तिच्या पर्समधून मी घेतलं.

दुरुस्ती काल आली. खिडकी बंद झाली नाही. मी होडीवर पुरं वाक्य लिहिलं. सगळे थांबले होते.

तुला एक सांगायचं राहिलं आहे. तू कॉलेज अर्धवट टाकून जपानी शिकायला गेलास, तेव्हा तुझे बाबा म्हणाले, त्याने या घरात पाऊल ठेवायचं नाही. मी तुला फोनवर सांगितलं, बाबा सध्या कामात आहेत, सवडीने ये. खरं सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी धावत येऊन भांडला असतास, आणि भांडून संपलं असतं. तू सवडीची वाट बघत राहिलास. त्यांना वाटलं, त्यांचं बोलणं तुला कळलं, तरी तू भांडायलाही फिरकला नाहीस. रोज संध्याकाळी दारात उभे राहायचे. मग एक दिवस ते गेले.

तुम्ही दोघंही माझ्यावर विसंबलात. गोड करून सांगायची खोड तुला माझ्याकडून लागली. कोणत्या तोंडाने तुला बोलू? तरी बोलते.

मला तुझा राग आला आहे. फार. माझा त्याहून जास्त येतो. खेळ बंद झाला तर राग पुन्हा येईल. नोकरी गेली तर ती जाऊ दे.

या रविवारी ये. सवडीने नको.

आई